ढगाखालचा पोळा

श्रावण सरत आला की आमच्या गावात दोन गोष्टी न चुकता होतात. एक, जीव नकोसा करणारा उकाडा. दुसरी, आबांचा फोन.

"मास्तरीणबाई, वर बघितलं का?"

वर म्हणजे आभाळात. आबा आमच्या गावचे मानकरी. पोळ्याला पहिला मान त्यांच्या बैलजोडीचा, आणि तो कधीपासून चालत आलाय हे कुणालाच ठाऊक नाही. माणूस तापट. मिशी पांढरी झाली तरी आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाळी द्यावी तसा. मी या गावची सून, शिरूर अनंतपाळच्या शाळेत भूगोल शिकवते. ढग फळ्यावर काढायचे, पुसायचे, पुन्हा पुढच्या वर्गाला काढायचे, हे माझं काम. खऱ्या आभाळाबद्दल मानकऱ्यानं गावच्या सुनेला विचारावं असं या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. आता दर साली होतं. मग मीही जरा भाव खाऊन घेते. अंगणात जाते, कपाळावर हात धरते, उगीचच वेळ लावते आणि म्हणते, "बघून राहिले आबा, सांगते."

माझं माहेर नांदेडातल्या बिलोलीकडचं. तिकडं आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पावसाला माणसांसारखी नावं ठेवली होती. नुसतीच अंगाला लागते ती बुरबुर. दिवस दिवस हटत नाही ती झड. उन्हाळ्यात येऊन आंबे पाडून जातो तो वळीव. श्रावणातली सर आली की अण्णा म्हणायचे, "ही पाहुणी हाय, चहा पिऊन जाईल." ढगफुटी हा शब्द त्यांच्याकडं नव्हता. मी पहिल्यांदा तो बातम्यांत ऐकून घरी सांगितला तर ते हसले. "ढग काय मडकं हाय फुटाया?"

अण्णांचं खरंच होतं. ढग फुटत नाही. मी मुलांना हेच शिकवते. पाऊस चार दिवस उघडीप देतो, काळी जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली असते, वर ऊन सणसणीत पडतं. जमिनीतून वाफा निघतात. ती ओली, गरम हवा हलकी होऊन वर चढते, आमच्याकडच्या डोंगररांगेला टेकली की आणखी चढते. वर गारवा, तिथं वाफेचं पाणी होतं, ढग वाढतो. पण खालून चढणारी हवा एवढी जोरात असते की झालेले थेंब ती खाली पडूच देत नाही. ते वरच तोलून धरते. थेंबावर थेंब, पाण्यावर पाणी. त्यात वरचं वारं पडलेलं असलं की ढग जागचा हलत नाही. मग एका घडीला खालची हवा दमते आणि इतका वेळ तोललेलं सगळं एकदम, एकाच शिवारावर येतं. हल्ली हवाच जास्त तापते, तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते, म्हणून हे पूर्वीपेक्षा जास्त होऊन राहिलंय.

मुलांना एवढं सांगून पटत नाही. मग मी आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं उदाहरण देते. त्या राग आला की बोलत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं, गप्प. मी शाळेतून उशिरा आले, गप्प. सगळं वर धरून ठेवतात. आणि मग एखाद्या दिवशी कुणीतरी पाण्याचा तांब्या पालथा घालतं आणि सहा महिन्यांचं एकाच माणसावर येतं. वर्ग हसतो आणि धडा पाठ होतो. आत्याबाईंना हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्या गप्प बसल्या. मी आठवडाभर जपून होते.

मघा नक्षत्राची एक म्हण आहे. "न पडतील मघा तर ढगाकडं बघा." तिचा दुसरा अर्धा भाग, मघा पडल्या तर काय, तो मला वर्गात सांगता येत नाही. मुलं घरून ऐकून आलेली असतात, ती आपसात कुजबुजतात आणि मी खडू शोधल्यासारखं करते.

तर ज्या पोळ्याची ही गोष्ट, तो मघातलाच होता.

आधी तांबड्याबद्दल सांगायला हवं. पहिलं बाळंतपण उरकून मी माहेराहून निघाले तेव्हा अण्णांनी टेम्पोत माझ्या सामानाशेजारी एक गोऱ्हा चढवला. लाल कंधारी जातीचा, डोळ्यांत काजळ भरल्यासारखा. "लेकीला गाय देतात, मी बैल देतो. नोकरीवाली लेक हाय माझी," म्हणाले. आता लातूरकडं बैल म्हणजे देवणी. पांढऱ्यावर काळे ठिपके, रुंद कपाळ, लोंबते कान. देवणीच्या गावात माझा लाल गोऱ्हा उतरला आणि सगळं गाव बघायला आलं. "नांदेडचं तिखट आलं," म्हणाले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी त्याला वाढवला, कामाला लावला आणि घरच्या पांड्या नावाच्या देवणीबरोबर त्याची जोडी केली. एक लाल, एक ठिपक्यांचा. शेतात जोडी नंबर एक चालायची. पण पोळ्याला आमच्या गावात एकरंगी, एकसारखी जोडी पुढं आणि विजोड जोडी मागं, असा रिवाज. मामांची जोडी आधी चौथी असायची. तांबड्या आल्यापासून ती शेवटी गेली. मामा मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. फक्त पोळ्याच्या दिवशी पटका बांधताना ते आरशात जरा जास्त वेळ बघायचे.

हा क्रम म्हणजे साधी गोष्ट नाही. आमच्या गावाला नदी नाही, ओढा आहे. पोळ्याला सगळे बैल तिथं धुवायला नेतात. दोन्ही बाजूंना उंच दरड आणि पाण्यात जायला एकच अरुंद उतार. मानाची जोडी आधी पाण्यात उतरते आणि पार आत, डोहाच्या कडेला उभी राहते. मग दुसरी, तिसरी, अशा सगळ्या. निघतानाही मानाची जोडी आधी निघणार. बाकीचे बाजूला सरून तिला वाट देणार. ती वर गेल्याशिवाय कुणी पाय हलवायचा नाही. शेवटची जोडी उताराच्या तोंडाशीच उभी असते. तिथं पाणी घोट्याएवढं, बैल धड भिजतही नाही. गावातले टगे म्हणायचे, "मामा, तुमच्या बैलाचे नुसते पाय धुवा, नमस्काराला बरं."

एरवी दुपारच्या जेवणाआधी बैल धुऊन घरी येतात. मग शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास, आणि संध्याकाळी मंगलाष्टका म्हणून बैलांचं लग्न. त्या साली आबांच्या जावयानं लातूरहून ड्रोनवाला आणला होता. तो आला उशिरा. आला तो म्हणाला, सगळे बैल पाण्यात रांगेत पाहिजेत, वरून घेतो. आबा खूश. एक फेरी झाली, ड्रोनवाल्याला पटली नाही. दुसरी झाली, सूर्य ढगाआड गेला. पुन्हा ऊन यायची वाट बघत सगळं गाव ओढ्यात उभं. बैलांच्या कासऱ्याला धरून बाप, लेक, म्हातारे, सगळे गुडघाभर पाण्यात. घरोघरी पुरण शिजून गार झालं होतं.

पोळ्याला ओढ्यावर बायका जात नाहीत. मी गेले होते, कारण तांबड्या माझ्या हातची गूळ-भाकरी खाल्ल्याशिवाय पाण्यात पाय घालत नसे. हा लाड मीच लावलेला. त्यावरून घरीदारी भरपूर ऐकून घेतलेलं आहे. त्याला खाऊ घातलं, तो उतरला आणि मी दरडीवर बाभळीखाली थांबले. असं गदगदत होतं की पदरानं वारा घेतला तरी गरमच लागे. पान हलत नव्हतं. आणि पश्चिमेला, जिकडून ओढा येतो तिकडं, डोंगरावर मी ढग बघितला.

आयुष्यभर फळ्यावर काढलेला ढग मी त्या दिवशी आभाळात बघितला. खाली शाईसारखा, वर फुगत फुगत गेलेला, आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला. पहिल्यांदा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. वर्गाला आणून दाखवावा इतका तो नमुनेदार होता. मग लक्षात आलं की तो जागचा हलत नाहीये. आणि मग गार वारा आला. आमच्याकडं पुन्हा कडक ऊन, ओढ्यात तिसरी फेरी चालू, आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास. ढगातून कोसळणाऱ्या पावसाबरोबर गार हवा खाली येते आणि चहूकडं पळते. ती आमच्यापर्यंत आली होती. म्हणजे वरच्या अंगाला ओतायला सुरुवात झालेली होती.

वरच्या गावात सुनंदा राहते, माझ्याच शाळेत मराठी शिकवते. तिला फोन लावला. ती ओरडून बोलत होती तरी पावसाच्या आवाजात कळत नव्हतं. "ओतून राहिलाय गं नुसता. समोरचं घर दिसंना. ओढा रस्त्यावर आलाय आमच्या." पुढं फोन कटला.

तिच्या अंगणातलं पाणी आमच्याच ओढ्यानं खाली येणार होतं. आणि आमच्या ओढ्यात गावातला प्रत्येक बैल आणि घराघरातला एकेक माणूस उभा होता.

मी उतारावरून खाली गेले. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मानाची जोडी आत हाय, पोरी. ती निघाल्याबिगर आपण कसं निघावं?" मी आबांना हाक मारली, ढग दाखवला, फोनचं सांगितलं. आबांनी वर बघितलं. त्यांच्या डोक्यावर ऊन होतं.

"इथं ऊन पडून राहिलं अन् तुमी पुराचं सांगता? मास्तरीणबाई, आज पोळा हाय, शाळा न्हाई."

सगळा ओढा हसला. ड्रोनवाला दरडीवरून म्हणाला, "मॅडम, थोडं फ्रेमच्या बाहेर व्हा."

मला असा राग आला म्हणता. आत्याबाईंसारखा गप्प राहायचा माझा स्वभाव नाही. पण तेव्हा मी बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता, आणि वेळही नव्हता. मी उतारावर अर्ध्यात उभी राहिले, पदर खोचला आणि रोज गोठ्यात मारते तशी हाक मारली.

"ये रं तांबड्या. ये रं माझ्या राजा."

तांबड्यानं कान उभे केले. मान वगैरे त्याला काही माहीत नव्हतं. त्याला गूळ माहीत होता. त्यानं कासऱ्याला हिसडा दिला. कासरा मामांच्या मुठीत होता. मामांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या ढगाकडं बघितलं. आणि मूठ उघडली.

पुढं लोकांनी विचारलं तेव्हा मामा म्हणायचे, हातातनं सुटला. ज्याच्या हातातून उभ्या जन्मात कासरा सुटला नाही, तो माणूस.

तांबड्या उतार चढून वर आला. त्याच्या मागं पांड्या. शेवटची जोडी सगळ्यांच्या आधी बाहेर. आणि असा गलका उठला की बाभळीवरचे बगळे उडाले. "मान मोडला. मान मोडला." आबांचा चेहरा तांबड्याच्या रंगाचा झाला. "अडवा त्या लालला," म्हणून त्यांनी आपली जोडी उताराकडं हाकलली. का, तर लाल बैल वेशीत पोचायच्या आत मानाची जोडी पुढं गेली पाहिजे. दोन नंबरवाल्यानं बघितलं, एक नंबर पळतोय. तो पळाला. मग तीन, मग चार. मागं राहिलो तर आपलाही नंबर जाईल या भीतीनं जो तो आपली जोडी दामटत वर. कुणाचा साबण पडला, कुणाची चप्पल, एकाचा पटका पाण्यात तरंगत राहिला. उतार अरुंद, पण वाट उघडी होती. तिथं उभी राहणारी जोडी आधीच वर आलेली होती.

माझ्या भूगोलासाठी एकही माणूस पाण्यातून वर आला नाही. सगळे मानासाठी वर आले. ज्या रिवाजानं त्यांना पाण्यात डांबून ठेवलं होतं, त्यानंच बखोट धरून बाहेर काढलं. मला या गावाबद्दल तेव्हापासून जे प्रेम वाटतं, ते या एका गोष्टीमुळं. गाव आडमुठं आहे, पण आडमुठेपणातही पळायला वाघ आहे.

वर भांडण रंगात आलं. आबा काठी उगारून मामांसमोर, मामा मान खाली घालून, मी मध्ये. "सुनेला आवरता येईना का तुला," आबा म्हणत होते. ते वाक्य पुरं झालं नाही. आवाज आला. ट्रॉलीभर दगड कुणी ओतावेत आणि ते ओतणं थांबूच नये, तसा. सगळ्यांनी वळून बघितलं. ओढ्याच्या वळणावरून गढूळ पाणी आलं, उभंच्या उभं, पुढं काट्याकुट्या, पेंढ्या, एक अख्खं बाभळीचं झाड. डोहाची कडा, जिथं मानाची जोडी उभी होती, ती दिसेनाशी झाली. उतार गेला. तरंगता पटका कुठं गेला कळलंही नाही. आमच्या डोक्यावर अजून ऊनच होतं, थेंब पडलेला नव्हता.

 मग प्रत्येकानं आपापले बैल शोधले, आपापली माणसं शोधली. बैलांच्या पाठीवरून हात फिरवले. सगळे होते. एकही जोडी कमी नव्हती, एकही माणूस कमी नव्हता. आबांनी काठी खाली टेकवली. मला आतून असं उचंबळून आलं होतं की ओरडावंसं वाटत होतं. मी तांबड्याच्या गळ्यात पडून रडले. सगळ्या गावासमोर. तो माझ्या हातात गूळ हुंगत राहिला.

ड्रोन त्या वेळी वरच होता. तो व्हिडिओ अजून गावाच्या ग्रुपवर फिरतो. त्यात पुढं लाल बैल, मागं मान वाचवायला पळणारं गाव, आणि मग पाणी. मी पदर खोचून हातवारे करताना दिसते. फ्रेमच्या अगदी मधोमध.

पोळा थांबला नाही. आमच्याकडं सण थांबवत नाहीत. शिंगं रंगली, झुली चढल्या आणि संध्याकाळी वेशीसमोरच्या मैदानात रांग लागली. पुढं आबांची जोडी, शेवटी आमची. वाजंत्री सुरू झाली. आबा वेशीच्या तोरणाखाली आले आणि थांबले. वाजंत्री थांबली. आबा आपली जोडी तिथंच सोडून सगळी रांग मागं चालत आले, मामांसमोर उभे राहिले.

"आज लाल पुढं चालू द्या," म्हणाले.

मामा ज्या क्षणासाठी आरशात बघत होते तो हा होता.  मामांनी पटका नीट केला आणि म्हणाले, "न्हाई आबा. आमचा नंबर शेवटचा हाय, अन् शेवटचाच बरा हाय. शेवटला हुता म्हणून तर वाट मोकळी झाली."

 आबांनी ती जुनी हाळी दिली, शिवारभर ऐकू जाईल अशी. "मग आज सुरुवात शेवटापासून हाय. सरका रं बाजूला."

रांग मधोमध फाकली. दोन्ही बाजूंना देवणी उभे, रंगवलेली शिंगं, झुलींचे आरसे, आणि मधल्या वाटेनं मामा, पांड्या आणि माझा नांदेडचा लाल. पावलं टाकत, घुंगरं वाजवत, सगळ्यांच्या समोरून तोरणाखाली. बायका घरातून धावत आल्या. आत्याबाई ओवाळायला पुढं झाल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या दिवशी त्या गप्प नव्हत्या. "माझ्या सुनेचा हाय," म्हणून प्रत्येकीला सांगत होत्या. अण्णांना मी वेशीतूनच फोन केला. ते म्हणाले, "म्हणलं नव्हतं का, ढग फुटत न्हाई म्हणून? माणसं फुटली न्हाईत ना? मग झालं."

आता तांबड्या म्हातारा झालाय. औताला नाही, नुसता दारात बसून रवंथ करतो. पण पोळ्याला त्याला नेतातच. आबांची जोडी आजही पहिलीच उतरते. फक्त उतरण्याआधी आबा वर बघायला लावतात, आणि शेवटची जोडी पाण्यात जात नाही. ती उतारावर उभी राहते, वाट धरून, सगळे वर येईपर्यंत. हा आता रिवाजच झालाय.

काल पोळ्याच्या दिवशी आबांचा फोन आला तेव्हा मी अंगणात जाऊन बघितलं. आभाळ स्वच्छ, वाऱ्याला चाल होती. "उतरा आबा," म्हणाले, "पण ड्रोन नको."

"ड्रोनचं सोडा हो," आबा वैतागून म्हणाले. "इथं दुसराच घोळ होऊन राहिला. समद्यास्नी शेवटचा नंबर पाहिजे. सकाळधरून भांडून राहिलेत."

मी मामांकडं बघितलं. ते तांबड्याच्या शिंगाला हिंगुळाचा लाल रंग लावत होते. मान वर न करता म्हणाले, "भांडू दे की. त्यो नंबर आमचा हाय."